शेवटच्या टोपलीचे ठिपके

‘जिनिंगमध्ये तुम्ही नेमकं काय करायचे?’ असं आदिलाबादच्या बाजारात मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. दुकानदार असतो तर दुकान दाखवलं असतं, मास्तर असतो तर शाळा. मी सांगतो, ‘फरक मोजायचो.’ समोरचा ‘अच्छा अच्छा’ म्हणतो आणि तुरीचा भाव विचारतो. घरातही फार वेगळं नाही. ‘अठ्ठावीस वर्षं कागदावर ठिपके काढले यांनी, आणि त्याचे पैसे मिळाले,’ असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण याहून सोपं मलाही सांगता येत नाही.

पण दिवाळी अंकासाठी लिही म्हटल्यावर निदान एकदा तरी नीट सांगायला हवं. शेतकऱ्याच्या घरून येतो तो कापूस. त्यात सरकी असते. जीनमध्ये, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, यंत्रावर सरकी वेगळी होते आणि उरते ती रुई. ही रुई पेटीत दाबून गाठ बांधतात आणि गाठी सूतगिरणीला जातात. सगळ्या गाठी सारख्या हव्यात एवढीच सूतगिरणीची मागणी असते. वजन सारखं, ओल सारखी, कचरा कमी. मागणी साधी आहे, पण जगात सारखं असं काहीच होत नाही, तिथून माझी नोकरी सुरू होते.

हैदराबादला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला मला पाठवलं होतं. मी गणित घेऊन बीएस्सी झालेला, म्हणून मला. तिथे शिकवलं ते असं. घरात रोज भाकरी थापतात. एकही भाकरी दुसरीसारखी नसते, कधी जरा जाड, कधी जरा डागी. हा रोजचा फरक. त्यावर ओरडून उपयोग नाही, तो हाताचा, पिठाचा, चुलीचा मिळून असतो. पण दारात कोणी आलं आणि भाकरी तव्यावर काळी ठिक्कर झाली, तर तो वेगळा फरक. त्याला एक कारण असतं आणि ते शोधता येतं. रोजची मोजमापं कागदावर ठिपक्यांनी मांडायची, मध्ये सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. ठिपका दोन मर्यादांच्या आत असेल तर गप्प बसायचं. बाहेर गेला तर उठायचं आणि कारण शोधायचं. बस, एवढंच संख्याशास्त्र. बाकीचं सगळं त्या रेघा कुठे ओढायच्या याचं गणित आहे.

परत आल्यावर माझा पहिला प्रयोग रफीकभाईंवर झाला. रफीकभाई प्रेस चालवायचे, म्हणजे गाठ बांधायचे. माणूस इतका प्रामाणिक की एक गाठ जरा भारी गेली की पुढच्या गाठीत रुई कमी सोडायचे, ती हलकी गेली की तिसरीत जास्त. दिवसभर डोळे काट्यावर आणि हात रुई सोडायच्या झडपेवर. मी महिनाभराचे ठिपके काढले आणि त्यांना म्हणालो, ठिपका रेघेबाहेर जाईपर्यंत झडपेला हात लावायचा नाही.

‘तो क्या हात बांध के बैठूं?’ रफीकभाई म्हणाले.

‘हो,’ मी म्हणालो.

ते खरंच दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. चेहऱ्यावर असा भाव की घरात आग लागलीये आणि कोणी पाणी आणू देत नाही. पण आठवड्यात गाठींचं वजन पहिल्यापेक्षा कितीतरी स्थिर झालं. दरवेळी सुधारायला जाऊनच ते बिघडवत होते. मॅनेजर राजन्ना खूश. ‘आप का ग्राफ में दम है,’ असं ते चार माणसांत म्हणाले. राजन्ना मूळचे करीमनगरकडचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे, आणि कौतुक क्वचित करायचे. त्या दिवसापासून जीनमध्ये मला ‘ठिपकेवाले साहेब’ हे नाव पडलं आणि माझ्या डोक्यात थोडी हवा शिरली. पुढे जे झालं ते या हवेमुळे झालं, असं मी स्वतःला सांगतो. पण तेवढ्यानं सगळं उलगडत नाही.

आमच्या जीनमध्ये यंत्रात जाण्याआधी कापूस एका लांब फिरत्या पट्ट्यावरून जायचा. पट्ट्याच्या कडेला सहा बाया बसायच्या. कापसात जे काय येतं ते वेचून टोपलीत टाकायचं हे त्यांचं काम. आणि येतं काय काय! सुतळी, लुगड्याच्या चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, केस, पाखरांची पिसं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खताच्या पांढऱ्या पोत्यांचे प्लास्टिकचे धागे. हा पांढरा धागा कापसात दिसत नाही, सुतात दिसत नाही, कापड विणलं तरी दिसत नाही. कापड रंगवलं की दिसतो, कारण तो रंग घेत नाही. आख्ख्या निळ्या थानावर पांढरी रेघ. मग गिऱ्हाईक गिरणीवर ओरडतं आणि गिरणी आमच्यावर.

बायांच्या बसण्याचा एक रिवाज होता. तो कोणी लावला होता कोणास ठाऊक, मी लागलो त्याच्या आधीपासूनचा. नवी बाई पट्ट्याच्या सुरुवातीला, जिथे कापूस वरून पडतो. तिथे धुळीचा लोट. जुनी होईल तसतशी ती एकेक जागा पुढे सरकायची. सगळ्यात जुनी बाई शेवटी, खिडकीपाशी. तिथे वारा लागायचा. खिडकीशी मुक्ताबाई होत्या, भीमपूरकडच्या एका खेड्यातल्या, पंधरा वर्षं पट्ट्यावर काढलेल्या. त्यांच्या आधी कांताबाई, आणि अगदी सुरुवातीला तोंडानं फटकळ गंगू. या बहुतेक तामसीच्या बसनं यायच्या, मुक्ताबाईंची बस वेगळी.

दूर दक्षिणेतली एक सूतगिरणी आमचं मोठं गिऱ्हाईक होती. तिच्याकडून दर मालामागे एक अहवाल यायचा, सुतात किती परके धागे सापडले याचा. त्याचेही ठिपके मी एका वेगळ्या कागदावर काढून भिंतीला लावायचो. एका हंगामात ते वर चढायला लागले. राजन्नांनी मला बोलावलं. ‘बायां का काम नापो,’ ते म्हणाले.

मी नापलं. रोज संध्याकाळी पाळी सुटताना प्रत्येक बाईनं आपली टोपली माझ्या टेबलावर आणायची, मी आतल्या वस्तू मोजायच्या, नावापुढे ठिपका. दोन आठवड्यांत असा सुंदर कागद तयार झाला की काय सांगू. सहाही जणींचे ठिपके मधल्या रेघेला चिकटून, एकही इकडे नाही की तिकडे नाही. मी तो राजन्नांच्या खोलीत लावला. आणि गिरणीचे अहवाल मात्र तसेच येत राहिले.

माझी मती गुंग झाली. बाया यंत्रासारखं काम करताहेत आणि माल खराब. रात्रंदिवस विचार केला म्हणणार नाही, पण जेवताना भात कालवून तसाच बसायचो. मग प्रशिक्षणाची वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात एक वाक्य होतं, की ठिपके मधल्या रेघेला फारच चिकटून असतील तर तेही संशयास्पद समजावं. हे मी लिहिलं होतं, समजलं नव्हतं. आता पुन्हा वाचलं आणि पुन्हा समजलं नाही. चांगलं काम संशयास्पद कसं?

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या जरा आधी मी सहज पट्ट्याकडे गेलो. बाया घोळक्यानं बसल्या होत्या. मधे पोतं पसरलेलं, त्यावर सहाही टोपल्या उपड्या केलेल्या, आणि गंगू प्रसाद वाटावा तशी चिंध्या-सुतळ्या मुठीमुठीनं पुन्हा टोपल्यांत वाटत होती. ‘तुले अजून दोन सुतळ्या घे वं,’ असं चाललं होतं.

मी संतापलो. ‘हे काय?’

‘वाटा करून राह्यलो जी,’ गंगू म्हणाली. तिला यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. ‘उक्त्यानं निंदन घेतलं तं आमी वाटा सारखाच करतो ना. कोनाचा हात जलद, कोनाचा सावकास. समद्याईचं मिळून एकच काम हाय.’

‘इथे शेत नाही. इथे प्रत्येकीचं वेगळं मोजायचंय मला.’

‘तसं मोजू नोका, साहेब,’ ती म्हणाली. ‘त्या मुक्तामाय तकडे शेवटी...’

‘कोण कुठे बसतं याच्याशी मला काय करायचंय?’ मी म्हणालो. ‘उद्यापासून जिची टोपली तिनं आणायची.’

तिनं पोतं गुंडाळलं. आज तो क्षण मी पुष्कळदा आठवतो. ती सांगत होती आणि मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. घाईत होतो असंही नाही. मला खरंच वाटत होतं की आकडे मला गंगूपेक्षा जास्त सांगतील.

बायांनी दुसऱ्या दिवसापासून आपापल्या टोपल्या आणल्या. कागद एकदम जिवंत झाला. गंगूची टोपली काठोकाठ, तिच्या पुढच्या दोघींची बरी, त्यानंतरच्या दोघींची जरा कमी, आणि मुक्ताबाईंच्या टोपलीत सात-आठ पांढरे धागे, फार तर एखादा केस. पहिल्या दिवशी वाटलं, असेल. दुसऱ्या दिवशी तेच. बारा-पंधरा दिवस तेच. त्यांचा ठिपका खालच्या मर्यादेच्या खाली, सलग. वहीत जसं चित्र काढून दाखवलं होतं, हुबेहूब तसं. हा रोजचा फरक नव्हे, याला कारण आहे, ते शोधा.

मग मी कारण शोधलं. शोधलं कशाला, समोरच दिसलं. मुक्ताबाई एखादा धागा उचलला की तो अगदी डोळ्याजवळ नेऊन पाहायच्या. साठीच्या घरातली बाई, डोळे गेलेले असणार. दिसत नाही, म्हणून वेचत नाही, म्हणून माल खराब. सगळं कसं एका रेघेत बसलं. मी राजन्नांना सांगितलं. ते म्हणाले, ‘निकाल दो.’ आमच्याकडे बाया रोजंदारीवर, कागद नाही की पत्र नाही. राजन्ना म्हणाले, ‘तुम बोल दो, तुम्हारा ग्राफ है.’

मी सांगितलं. ‘मुक्ताबाई, डोळे दाखवून घ्या. मग पाहू.’ उद्यापासून येऊ नका, हे शब्द मी उच्चारले नाहीत, पण त्यांना कळलं. घरी नवरा लकव्यानं अंथरुणाला होता, आणि त्या घरात रोज येणारी मजुरी एवढी एकच होती. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. त्यांनी टोपली झटकली, पालथी घालून ठेवली आणि खिडकीतला पाण्याचा डबा उचलला. बाकीच्या पाचजणी मान खाली घालून कापसात हात चालवत राहिल्या. गंगूनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्या दिवसापासून त्यातली एकही माझ्याशी कामापलीकडे बोलली नाही.

आता माल सुधारायला हवा होता. पण पुढल्या खेपांचे अहवाल आले आणि भिंतीवरचे ठिपके खाली यायचे सोडून आणखी वर गेले. वरच्या मर्यादेच्याही बाहेर. गिरणीनं कळवलं की हे असंच चाललं तर माल दुसरीकडून घेऊ.

हे एक. दुसरं त्याहून विचित्र. सुरुवातीला एक नवी बाई घेतली होती, म्हणून बाकीच्या एकेक जागा पुढे गेल्या होत्या आणि मुक्ताबाईंच्या खिडकीच्या जागी आता कांताबाई सरकल्या होत्या. कांताबाईंची टोपली पूर्वी चांगली अर्धी तरी भरायची. ती एकाएकी रिकामी यायला लागली. तिचा ठिपका सर्रकन खाली आला आणि मुक्ताबाईंचा होता तिथेच जाऊन बसला, खालच्या रेघेच्या खाली. कांताबाई चाळिशीच्या, धडधाकट. मला वाटलं, बाया चिडल्यात आणि मुद्दाम करताहेत. मग वाटलं, हिचेही डोळे गेले की काय? तुम्ही हसाल, पण मी बायकोच्या डब्यातली सुई आणि दोरा घेऊन जीनमध्ये गेलो आणि कांताबाईंना म्हणालो, ‘ओवून दाखवा.’ कांताबाईंनी एका झटक्यात सुई ओवली, दोऱ्याला गाठ मारली आणि विचारलं, ‘काय शिवाचं हाय, साहेब?’ काहीच शिवायचं नव्हतं. मी सुई खिशात घातली आणि ती मला बसमध्ये टोचली.

राजन्ना म्हणाले, ‘इस को भी निकालो.’ मी म्हणालो, एक आठवडा द्या. का म्हणालो ते सांगता येत नाही. भाकरीचं उदाहरण डोक्यात फिरत होतं. सलग दोन भाकऱ्या एकाच जागी करपल्या तर आधी थापणारीकडे पाहायचं की तव्याकडे? पण हा प्रश्न तेव्हा मला इतक्या स्वच्छपणे पडला नव्हता, आता लिहिताना पडतोय. तेव्हा नुसता गोंधळ होता. ज्या कागदावर विश्वास ठेवून एका बाईचं काम घालवलं, तोच कागद आता दुसरीकडे बोट दाखवत होता, आणि मला तो खरा मानावा की खोटा, कळत नव्हतं.

जीनमधल्या बाया बोलत नव्हत्या, म्हणून रविवारी मी भीमपूरची बस धरली. कांताबाईंबद्दल ज्यांना विचारता येईल अशा मुक्ताबाईच उरल्या होत्या. किती निर्लज्जपणा आहे हा, हे बस अर्ध्या वाटेत आल्यावर लक्षात आलं, पण मग उतरून करणार काय? दोन्ही बाजूंनी तुरी कापून ठेवल्या होत्या आणि माणसं उन्हात त्यांच्या पेंढ्या झोडत होती.

मुक्ताबाई ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत होत्या. आत खाटेवर नवरा. मी दिसताच त्यांनी पदर सावरला.

‘कोन? ठिपकेवाले साहेब काय? बसा जी. पानी आनू?’

पाणी प्यायलो. तब्येतीची विचारपूस केली. कोणाच्या मळ्यात जाता, असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘यायच्यापाशी भयीन बसत होती, थे आपल्या घरी गेली. यायले सोडून कोठी जाऊ? हे निवडाचं घरी आनून देतात लोकं, थेच करून राह्यली.’ मग मी खिशातून कागद काढला.

‘मुक्ताबाई, कांताच्या टोपलीत काही येतच नाही हल्ली. डोळे तर चांगले आहेत तिचे. तुम्ही इतकी वर्षं शेजारी बसलात, तिला काही दुखणं आहे का?’

‘कांता आता कोठी बसते?’

‘तुमच्या जागी. खिडकीशी.’

मुक्ताबाईंचा हात सुपात थांबला नाही. ‘मंग तिलेबी काढसान काय, साहेब?’

मी कागद पुन्हा पाहिला. त्यावर नावं होती आणि तारखा होत्या. जागा कुठेच नव्हती. कोण कुठे बसतं ते मी लिहिलंच नव्हतं.

‘पयल्या बाईपुढून समदा कचरा येते,’ त्या सांगू लागल्या, लहान पोराला सांगावं तसं, पण न रागावता. ‘सुतळी, चिंधी, पुडी. थे गंगू उचलते. तिनं सोडलं थे दुसरी उचलते. असं पाच जनी उचलतात. मंग माह्यापर्यंत काय येन? जे पाच जनीईले दिसलं नाई थे. थे कमीच रायनार ना?’

‘पण मग तुमचे डोळे...’

‘डोया तं अधूच हाय माहा. डावा. मी कवा नाई म्हनली?’ त्या म्हणाल्या. ‘पन पांढऱ्यात पांढरं कोनाले दिसते, साहेब? तुमाले दिसते? थे बोटाले समजते. कापूस कोमट लागते, थो पिलास्टिकचा धागा थंडा लागते. मी डोये मिटून बी काढतो. डोयाजवळ नेऊन पाहो थे फकस्त खातरी कराले.’

त्या बोलत होत्या तेव्हाही माझ्याकडे पाहत होत्या, सुपाकडे नाही. बोटं तुरीत फिरत होती आणि खडा आला की बाजूला पडत होता.

मी इतका वेळ टोपलीत काय पडलं ते मोजत होतो. पट्ट्यावरून पुढे काय गेलं ते मोजायचं होतं. गंगूची सुतळी एक आणि मुक्ताबाईंचा पांढरा धागा एक, असं दोन्ही सारखं धरत होतो. सुतळी पुढच्या पाचजणींतल्या कोणालाही सापडली असती. तो धागा मुक्ताबाईंच्या पुढे कोणालाच सापडणार नव्हता, कारण पुढे कोणी नव्हतंच.

‘तेव्हा का नाही सांगितलं हे?’ मी विचारलं.

‘काऊन सांगू? तुमी इचारलं नाई,’ मुक्ताबाई म्हणाल्या. ‘तुमी सांगतलं.’

आतून नवऱ्यानं काहीतरी हाक मारली. त्या उठून गेल्या. मी ओट्यावर एकटा बसलो आणि मला लाज वाटली. आजवर पुष्कळ चुका केल्या, पण एवढी लाज तेव्हाच वाटली.

सोमवारी मी बायांना रोज जागा बदलून बसवलं. गंगूला म्हणालो, आज तू शेवटी. ‘आत्ता समजलं काय?’ एवढंच ती म्हणाली, आणि हसली नाही. आठवडाभरात उघड झालं. शेवटी जी बसेल तिची टोपली रिकामी, मग ती कोणीही असो. सुरुवातीला जी बसेल तिची भरलेली. जागेचा फरक बाजूला काढला तर सहाही जणी रेघांच्या आत, अगदी भाकऱ्यांसारख्या. ज्याला मी बाईचा दोष समजलो तो बसण्याच्या जागेचा होता, आणि ती जागा तिला पंधरा वर्षं धूळ खाऊन मिळालेली होती.

राजन्नांना हे समजावणं कठीण गेलं. ‘तो ग्राफ झूठ बोला?’ ते म्हणाले. मी सांगायचा प्रयत्न केला की ग्राफ खरंच बोलत होता, पण आपण विचारलं एक आणि ऐकलं दुसरं. माझ्या हिंदीत ते नीट उतरेना, आणि बोलता बोलता मलाही अर्धवट कळेनासं झालं. शेवटी मी म्हणालो, ‘गलती मेरी है. मुक्ताबाई को वापस बुलाना है.’ राजन्नांनी पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, ‘बुला लो. और वो कागज मेरे कमरे से निकालो.’ पहिला तो सुंदर कागद, सगळ्या ठिपक्यांचा वाटा सारखा असलेला, अजून तिथेच लावलेला होता.

निरोप मी गंगूबरोबर दिला नाही, स्वतः गेलो. मुक्ताबाई हो म्हणाल्या, पण दोन दिवस मागितले, नवऱ्याजवळ बसायला बहिणीला परत आणायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या डबा घेऊन आल्या आणि खिडकीशी बसल्या. कांताबाई आपण होऊन एक जागा मागे सरकल्या, आणि पट्ट्यावर आता सातजणी झाल्या.

त्यानंतर मी टोपल्यांचं वेगळं मोजणं बंद केलं. सगळ्यांचा मिळून एकच ठिपका. खरं मोजमाप पट्ट्याच्या पलीकडे, मुक्ताबाईंनी सोडलेल्या कापसातून मूठभर काढून काळ्या कापडावर पसरून. दीड महिन्यानं गिरणीचे अहवाल उतरू लागले. ते पूर्वीच्या जागीच आले, त्याहून चांगले झाले नाहीत, कारण शेतात कापूस खताच्या पोत्यांत भरण्याचं काही थांबलेलं नव्हतं. मूळ बिघाड तिथे होता आणि तिथे माझा ठिपका पोचत नव्हता. पण गिरणी टिकली.

तो उतरलेला ठिपका मी भिंतीवर मांडत होतो तेव्हा पाळी सुटत होती. मुक्ताबाई दारात थांबल्या. त्यांना वाचता येत नसे.

‘हे काय होय जी?’

‘गिरणीचं. आपल्या मालात किती धागे सापडले ते. खाली आलं की चांगलं.’

त्या जवळ आल्या. उजव्या डोळ्यानं वाकून पाहिलं. ‘अन् हे वर गेलेले?’

ते सात-आठ ठिपके वरच्या रेघेबाहेर एका ओळीत उभे होते. मी तारखा पाहिल्या, आणि सांगावं की नाही असं झालं. ‘तुम्ही घरी होतात, तेव्हाचे,’ मी म्हणालो.

मुक्ताबाईंनी बोट त्या पहिल्या ठिपक्यावर ठेवलं आणि सावकाश शेवटच्या ठिपक्यापर्यंत फिरवलं, तूर निवडावी तसं, एकेक चाचपत. टोपल्यांच्या कागदावर मी ते दिवस त्यांच्या नावापुढे कोरे सोडले होते.

‘हे माहे होत मंग,’ त्या म्हणाल्या. ‘इतं माहं नाव लिवा, साहेब.’

मी लिहिलं. मग त्या त्यांच्या बसला गेल्या.